आधी युसी लिहा, मग प्रस्ताव: तरुणांच्या शेती-शिक्षणासाठी सरकारी अनुदान मागताना

सरकारी अनुदान म्हणजे काय ते मला २,३१७ रुपयांनी शिकवलं.

२०१८ची गोष्ट. मी एका छोट्या संस्थेत हिशेब लिहायला म्हणून लागले होते. संस्था गावातल्या मुलामुलींना शेतीतली कामं शिकवायची: माती परीक्षण, रोपवाटिका, ठिबकची जोडणी, मालाची प्रतवारी. प्रस्ताव सचिव लिहायचे, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. पैसे आले, शिबिरं झाली, मुलं खूश, सर खूश. वर्ष संपल्यावर सर सहज म्हणाले, "ताई, तेवढं युसी करून टाका." युसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, हेसुद्धा मी तेव्हा सीएंच्या पोराला विचारून घेतलं. सह्या, शिक्के झाले आणि कागद घेऊन मी मंजुरी देणाऱ्या कार्यालयात गेले. लेखाधिकाऱ्यांनी पानावरून एकदाच नजर फिरवली. म्हणाले, "व्याज कुठाय?"

अनुदान आठ महिने बचत खात्यात पडून होतं. त्यावर बँकेने २,३१७ रुपये व्याज जमा केलं होतं आणि आम्ही त्यातून शेडनेटची फाटलेली बाजू बदलून घेतली होती. मुलांच्याच कामाचं होतं, कुणी खिशात घातलं नव्हतं. पण केंद्राच्या अनुदानावरचं व्याज संस्थेचं नसतं. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ (इंग्रजीत जीएफआर) मधला नियम २३० ते स्पष्ट सांगतो: हिशेब पक्के झाले की व्याज सरकारकडे परत भरायचं, पुढच्या हप्त्यात वळतंही करून घ्यायचं नाही. आम्ही ते संस्थेच्या पैशातून भरलं, चलन जोडलं. फाइल बंद व्हायला चार महिने लागले आणि तोवर पुढचा हप्ता अडकला. शेडनेट मात्र नीट झालं होतं, त्यामुळे त्यात लावलेली रोपं जगली, हे कबूल करायला हवं.

त्यानंतर सरांनी प्रस्ताव लिहिण्याचं काम माझ्याच गळ्यात घातलं. मी एक सवय लावून घेतली आणि ती अजून मोडलेली नाही. प्रस्तावाची पहिली ओळ लिहायच्या आधी मी युसीचा कोरा नमुना समोर ठेवते. केंद्राच्या पैशासाठी संस्थांना लागतो तो नमुना जीएफआर १२-अ. त्यात मागच्या वर्षीची शिल्लक, तिच्यावरचं व्याज, परत भरलेलं व्याज, या वर्षी मिळालेली रक्कम, एकूण उपलब्ध, झालेला खर्च आणि उरलेली शिल्लक असे रकाने आहेत. त्याखाली खर्च तीन शीर्षांत फोडायचा: सर्वसाधारण, वेतन, भांडवली मालमत्ता. दोन वर्षांनी मला या रकान्यांत काय भरावं लागेल, ते आज पेन्सिलने भरून पाहते. जो आकडा तिथे बसत नाही तो प्रस्तावात जात नाही. खाली लिहिलेलं सगळं त्या एका सवयीतून आलंय.

दार कोणतं

मला जे फोन येतात त्यातले निम्मे लोक चुकीच्या दारात उभे असतात. एखादा मुलगा विचारतो, "ताई, शेती शिक्षणासाठी अनुदान मिळतं ना?" आणि दहा मिनिटांनी कळतं की त्याला स्वतःची रोपवाटिका काढायचीय. ते वेगळं प्रकरण. कृषी पदवी किंवा पदविका असेल, तर ॲग्री-क्लिनिक आणि ॲग्री-बिझनेस सेंटर ही योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या मॅनेज या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेच्या देखरेखीखाली ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण, त्यानंतर बँकेचं कर्ज आणि त्या कर्जाशी जोडलेलं अनुदान. ते सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना ४४ टक्के. एकट्याच्या प्रकल्पाची मर्यादा २० लाखांची. हे नाबार्ड या राष्ट्रीय कृषी-ग्रामीण विकास बँकेमार्फत येतं, म्हणजे आधी बँक पटली पाहिजे. डोक्यात नवी कल्पना असेल, तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली २०१८-१९ पासून कृषी स्टार्टअपना मदत सुरू झाली: कल्पनेच्या पातळीवर ५ लाखांपर्यंत, त्यापुढच्या बीज-टप्प्यावर, म्हणजे व्यवसाय उभा करताना, २५ लाखांपर्यंत. आणि पदवी-बिदवी काही नसेल तर ग्रामीण युवकांसाठीची कौशल्य प्रशिक्षणं आहेत, साधारण आठवडाभराची, त्याची चौकशी आत्मा या सरकारी कृषी यंत्रणेच्या कार्यालयात करायची. रकमा आणि अटी बदलत असतात, म्हणून ताजं मार्गदर्शक पत्रक हातात घेऊनच बोलायला बसा.

आता संस्था किंवा शाळा म्हणून कार्यक्रम चालवायचा असेल, तर पुढे वाचा.

माझं आवडतं दार आत्मा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा. जिल्ह्याला प्रकल्प संचालक असतात, तालुक्याला तंत्रज्ञान व्यवस्थापक, ज्यांना सगळे बीटीएम म्हणतात. आत्माच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन तरतुदी अशा आहेत ज्या संस्थावाल्यांना पाठ हव्यात. एक, जिल्हा पातळीवरच्या आवर्ती, म्हणजे पुन्हापुन्हा होणाऱ्या, कामांचा किमान १० टक्के खर्च बिगरसरकारी यंत्रणेमार्फत व्हावा. दोन, लाभार्थ्यांत किमान ३० टक्के महिला असाव्यात. मुलींची तुकडी घेऊन जाल तर कार्यालयाची एक गरज तुम्ही भागवता. हे बोलून दाखवायचं नाही, प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तुकडीत मुली किती ते लिहायचं.

पण इथे वेळ फार महत्त्वाची. तालुक्याचा आराखडा जिल्ह्यात जातो, जिल्ह्यांचे मिळून राज्याचा होतो आणि तो आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी वर पाठवलेला असतो. एप्रिलमध्ये उत्साहाने प्रस्ताव घेऊन जाणाऱ्याला "बघू पुढच्या वर्षी" ऐकावं लागतं आणि त्याला वाटतं आपल्याला टाळतायत. टाळत नाहीत, ताट वाढून झालेलं असतं. दिवाळीनंतर लगेच बीटीएमना भेटा. हातात दोन पानं असली तरी पुरे, पण तालुक्याच्या आराखड्यात तुमच्या कामाची एक ओळ गेली पाहिजे.

दुसरं दार कृषी विज्ञान केंद्र. पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत सुरू झालं, आज देशात सातशेहून जास्त आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तरुणांना शेतीत टिकवण्यासाठी २०१५-१६ मध्ये आर्या नावाचा प्रकल्प काढला, तो केंद्रांमार्फतच चालतो. तुमच्या संस्थेने तिथे अर्ज करायचा नसतो. केंद्राला हवे असतात शिकायला तयार असलेले, पस्तिशीच्या आतले, शिबिर अर्ध्यात न सोडणारे तरुण. तुम्ही ते आणून द्या. पैसे तुमच्या खात्यात येणार नाहीत, पण शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा आणि प्रात्यक्षिकाचा प्लॉट मिळेल, आणि पुढच्या प्रस्तावाला जोडायला केंद्राचं पत्र. त्या एका पत्राला माझ्या अनुभवात दहा पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त वजन असतं.

नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक हा तिसरा माणूस. त्यांच्याकडे शेती क्षेत्राच्या प्रोत्साहन निधीतून प्रशिक्षणं, प्रात्यक्षिकं, अभ्यास दौरे यांना मदत होते. जिल्हा वार्षिक योजनेतही नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसा बाजूला ठेवलेला असतो, पण तो प्रस्ताव सरकारी यंत्रणेमार्फत जातो, म्हणून कृषी किंवा शिक्षण विभागातला एखादा अधिकारी तुमच्या बाजूने उभा असावा लागतो. शाळा असाल तर समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेतून नववी ते बारावीला व्यवसाय विषय घेता येतात आणि त्यात शेती आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, हाताने काम शिकण्यासाठी द्यायला सांगितलंय. आमच्या शेतावर आता शाळा येतात त्या या दहा दिवसांच्या निमित्ताने. त्याला वेगळं अनुदान मिळेल म्हणून वाट बघत बसू नका, पण प्रस्तावात संदर्भ द्या.

कागद: नावातला एक शब्द

कागदांची यादी प्रत्येक पत्रकात असते, ती मी इथे उतरवत नाही. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलचा क्रमांक, पीएफएमएस या सरकारी निधी-वितरण प्रणालीवरची नोंदणी, हे धरूनच चाला. अडतं ते यादीमुळे नाही. अडतं ते दोन कागदांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून.

आमच्या नोंदणीवर संस्थेचं नाव लांबलचक, पॅनवर त्यातला "बहुउद्देशीय" हा शब्द गायब, आणि बँकेने जागा पुरली नाही म्हणून अर्ध्यातच तोडलेलं. तीन कागद, तीन संस्था! पीएफएमएसवर खातं पडताळणीत अडकलं आणि महिना गेला. प्रस्तावाच्या सहा महिने आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. कंटाळवाणं आहे, एका दुपारीत होतं.

त्याहून मोठा घोळ विश्वस्तांचा. महाराष्ट्रात संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बहुतेक छोट्या संस्था तो देत नाहीत. मग परिशिष्ट एकच्या, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वी गेलेले अध्यक्ष अजून अध्यक्ष असतात आणि प्रस्तावावर सही भलत्याचीच. छाननी करणारा कारकून पहिल्यांदा तेच बघतो, आणि बरोबर करतो. हे प्रकरण मार्गी लागायला वेळ लागतो, त्यामुळे अनुदानाचा विचार डोक्यात आला त्या दिवशी पहिलं काम म्हणजे ताजा उतारा काढणं.

आणखी एक. प्रात्यक्षिकाचा प्लॉट संस्थेच्या नावावर नसेल तर सातबाऱ्यासोबत मालकाचा करारनामा हवा, तोही प्रकल्प संपेपर्यंतच्या मुदतीचा. "आमच्या काकांचंच शेत आहे" हे कागदावर चालत नाही. काकांचंही मन बदलतं.

प्रस्तावात काय लिहू नये

"भारत हा कृषिप्रधान देश आहे." ही ओळ खोडा. अधिकाऱ्याला माहीत आहे. पुढचं "आजची तरुण पिढी शेतीपासून दुरावत चालली आहे" हेही खोडा. आमच्या सरांचा या दोन्ही वाक्यांवर फार जीव होता, आमची त्यावरून भांडणं झालीत.

त्याऐवजी तुमच्या कार्यक्षेत्रात काय दिसतं ते लिहा. आमच्या एका प्रस्तावाची सुरुवात अशी होती: "आम्ही सात गावांतल्या १४२ तरुणांशी बोललो. त्यांपैकी ११८ जणांच्या घरी ठिबक आहे. लॅटरल नळी फुटली किंवा तोट्या बंद पडल्या तर ती घरीच दुरुस्त करता येते असं सांगणारे १९ निघाले." बस. गरज सिद्ध झाली. हे आकडे आम्हीच घरोघर जाऊन, वहीत रेघा मारून काढले होते, आणि ती वही प्रस्तावासोबत ठेवली होती. सर्वेक्षणासाठी संस्था नेमायची गरज नाही, चार मुलं आणि दोन रविवार लागतात.

उद्दिष्टही असंच लिहा की त्याची मोजणी करता येईल. "तरुणांमध्ये माती परीक्षणाबाबत जनजागृती करणे" याचा पुरावा तुम्ही काय देणार? फोटो? त्याऐवजी लिहा: "प्रत्येक प्रशिक्षणार्थी स्वतःच्या शेतातून मातीचा नमुना पद्धतशीर घेईल आणि अहवाल वाचून पिकाची खतमात्रा ठरवेल." मग प्रशिक्षण कसं असावं हेही आपोआप ठरतं. आमच्याकडे मुलं शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घेतात, पंधरा ते वीस सेंटिमीटर, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खरवडतात, सगळी घमेल्यात मिसळून तिचे चार भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकतात, पुन्हा चार भाग, असं करत अर्धा किलो उरवतात. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. हे एकदा स्वतः केलेला मुलगा ते विसरत नाही, आणि युसीला जोडायला तुमच्याकडे तीस मुलांचे तीस अहवाल असतात. मोजता येणारं उद्दिष्ट म्हणजे हेच.

अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांचं संमतिपत्र घ्या आणि प्रस्तावात स्पष्ट लिहा की फवारणी, कीटकनाशकांची हाताळणी आणि चालती यंत्रं त्यांच्या हाती दिली जाणार नाहीत. एका अधिकाऱ्यांनी हा परिच्छेद वाचून मला सांगितलं होतं की इतरांच्या प्रस्तावात त्यांनी तो पाहिला नव्हता.

अंदाजपत्रक, आणि पाऊस

अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त वेळ घालवा. "प्रशिक्षण खर्च १,५०,०००" असं लिहिलंत तर त्रुटीचं पत्र येणारच. आमचं असं असतं: ३० प्रशिक्षणार्थी × १२ दिवस × १५० रुपये, चहा-जेवण, ५४,०००. मार्गदर्शक मानधन २४ सत्रं × ५०० रुपये, १२,०००. कलमाचा चाकू, सिकेटर (छाटणीची कात्री), मोजपट्टी असा संच ३० × ९०० रुपये, २७,०००. हे आकडे उदाहरणाचे. योजनेने दर ठरवून दिले असतील तर तेच घ्या, एक रुपयाही वर नको. दिले नसतील तर तीन दुकानांची दरपत्रकं जोडा. आणि प्रत्येक ओळीसमोर मी पेन्सिलने एक रकाना जास्तीचा काढते: पुरावा काय? जेवणासमोर हजेरीपट आणि बिल, मानधनासमोर पावती आणि बँक हस्तांतरण, संचासमोर मुलांच्या सह्यांची वाटप यादी. ज्या ओळीसमोर मला पुरावा सुचत नाही, ती ओळ मी काढून टाकते. "किरकोळ" नावाची ओळ अशीच माझ्या अंदाजपत्रकातून हद्दपार झाली.

यंत्र आणि साहित्य यांतला फरक नीट समजून घ्या. ओळखीच्या एका संस्थेने सर्वसाधारण शीर्षातल्या "प्रात्यक्षिक साहित्य" या ओळीतून पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, घेतला. वीडर उत्तम, मुलं शिकली, बिल पक्कं. पण ती भांडवली मालमत्ता होते आणि भांडवली शीर्षात त्यांना एक पैसाही मंजूर नव्हता. तो सगळा खर्च अमान्य झाला, रक्कम त्यांना पदरची भरावी लागली. यंत्र हवं असेल तर ते भांडवली शीर्षात मागा. नाही मिळालं तर भाड्याने आणा. भाडं आवर्ती खर्चात बसतं.

आता पावसाचं. सरकारचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. पिकाला याच्याशी देणंघेणं नाही. आम्ही एकदा सोयाबीनच्या बीजप्रक्रियेपासून काढणीपर्यंतचं सुंदर प्रात्यक्षिक मांडलं. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात काढणी. मंजुरी आली सप्टेंबरात आणि पहिला हप्ता फेब्रुवारीत. फेब्रुवारीत सोयाबीनचं मी काय करू? आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा! पत्रव्यवहार करून मुदतवाढ मिळवली, पण त्यात माझे केस पिकले.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रस्तावात हंगामाचे तीन पर्याय देते. पैसे उन्हाळ्यात आले तर माती नमुने, कारण एप्रिल-मेमध्ये रान मोकळं असतं, शिवाय गांडूळखताचे बेड आणि ठिबकची देखभाल. पावसाळ्याच्या तोंडावर आले तर बीजप्रक्रिया, उगवणशक्ती तपासणी आणि खरिपाचं प्रात्यक्षिक. ऑक्टोबरनंतर आले तर हरभरा आणि भाजीपाला रोपवाटिका. खाली एक वाक्य: "निधी प्राप्त होण्याच्या तारखेनुसार वरीलपैकी हंगामाला योग्य घटक प्रथम राबवण्यात येतील, एकूण खर्च व लाभार्थी संख्या तीच राहील." या वाक्याने आम्हाला दोनदा वाचवलंय. मंजुरी आदेशात ते वाक्य आलं की नाही हे मात्र तपासून घ्यायचं, नुसतं प्रस्तावात असून उपयोग नाही.

दिल्यानंतर

प्रस्ताव दिला की पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेसकट. पोच नाही म्हणजे प्रस्ताव दिलाच नाही असं समजा. त्रुटीचं पत्र आलं तर तोंड पाडू नका. कुणीतरी तुमचा कागद वाचला असा त्याचा अर्थ आहे. उत्तर त्यांच्याच क्रमाने द्या, त्यांचा मुद्दा एक तर तुमचा मुद्दा एक, पुरवण्याही त्याच क्रमांकांच्या. दर आठवड्याला फोन करू नका. पंधरा दिवसांनी एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर.

मधला माणूस भेटेलच. मला भेटला होता, कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, "मॅडम, मंजुरी माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त टक्के सांगा" म्हणत. नैतिकतेचं राहू दे बाजूला, साधा हिशेब करा: ते टक्के युसीच्या कुठल्या रकान्यात भरणार आहात?

इतर कुणाकडे याच कामासाठी अर्ज केला असेल तर तो सांगा. केंद्राच्या नियमांत तशी माहिती मागायचीच आहे आणि लपवलेलं पुढे उघड होतं. एकाच शिबिराचा खर्च दोन ठिकाणी दाखवणं हा शहाणपणा नाही, तो गुन्हा आहे. शिबिर एकाकडून आणि अवजारांचा संच दुसऱ्याकडून, असं वेगळं करून मागा.

मंजुरी आली की

पेढे वाटायच्या आधी मंजुरी आदेश वाचा, सगळा, शेवटच्या अटीपर्यंत. तुम्ही मागितलेलं आणि त्यांनी दिलेलं यात फरक असतो आणि यापुढे आदेशच खरा. आदेशासोबत बहुधा बंधपत्र येतं. त्यात कार्यकारी समितीचे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात, म्हणजे पैशाचं काही बरंवाईट झालं तर वसुली कुठल्याही एका सदस्याकडून होऊ शकते. हे मी आमच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा खोलीत शांतता पसरली आणि एका काकांना अचानक दुसरं काम आठवलं. पण आधी वाचलेलं बरं. सही केल्यावर कळण्यापेक्षा काकांनी आधीच उठून गेलेलं चांगलं.

प्रत्येक अनुदानाचं खातं वेगळं ठेवा, काही योजनांत तर पैसा तुमच्या खात्यात न येता मध्यवर्ती खात्यातून तुमच्या मर्यादेपर्यंत थेट दुकानदाराला जातो. रोखीने शक्यतो काहीच देऊ नका. घेतलेली वस्तू त्याच दिवशी जडवस्तू (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढवा आणि तिच्यावर रंगाने योजनेचं नाव व वर्ष घाला. अनुदानातून घेतलेली मालमत्ता परवानगीशिवाय विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही, मोडकळीला आली तरी. आमच्याकडे एक गंजलेला फवारणी पंप केवळ या कारणाने कपाटावर बसून आहे. न खर्चलेली रक्कम आणि व्याज परत करायचं, चलन जपून ठेवायचं. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत युसी द्यायची असं नियम २३८ म्हणतो, पण तुम्ही बारा महिने घेऊ नका. मागच्या वर्षीचं युसी आणि लेखापरीक्षित हिशेब गेल्याशिवाय पुढचा सगळा पैसा सुटत नाही, म्हणजे उशीर तुम्हालाच महागात पडतो. मी जूनमध्ये सीएंच्या दारात उभी असते.

हजेरीपटाबद्दल एक सांगायचं राहिलं.

आमच्या रोपवाटिकेच्या शिबिराची तपासणी होती. हजेरीपट शेतातच फिरायचा, त्यामुळे त्याची पार दशा झाली होती: मातीचे डाग, एका कोपऱ्यावर पाणी सांडून सह्या फिसकटलेल्या, कुणाची निळी शाई, कुणाची काळी, एका मुलीने पेन नव्हतं म्हणून पेन्सिलने केलेली सही. मला ते लाजिरवाणं वाटलं. रात्री बसून मी नव्या कागदावर नावं सुवाच्य उतरवली आणि सकाळी सगळ्यांना एका रांगेत उभं करून बाराही दिवसांच्या सह्या एकाच पेनाने घेतल्या. मुलं हसत होती.

अधिकारी आले. वयस्क गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी माझा देखणा हजेरीपट उलटा-सुलटा केला, बोट फिरवून शाई पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "ताई, बारा दिवस शेतात काम करून या पोरांपैकी एकाचाही हात मळला नाही का?"

मी आतल्या खोलीत गेले, रद्दीच्या पोत्यात टाकलेला जुना हजेरीपट काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो झटकला. थोडी वाळलेली माती टेबलावर पडली. मग पेन्सिलच्या सहीवर बोट ठेवून त्यांनी त्या मुलीला हाक मारायला सांगितलं, तिला कलम कसं बांधतात ते करून दाखवायला लावलं, आणि जुन्या कागदाच्या कोपऱ्यात, चिखलाचा डाग टाळून, "तपासले" लिहून सही केली.